अँटिक, व्हिंटेज की नवीन? घरासाठी फर्निचर निवडताना

फर्निचरच्या खरेदीत बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी वस्तू डोळ्यांत भरते, मग ती कुठे ठेवायची याचा विचार सुरू होतो, आणि ती दारातून आत येईल का हा प्रश्न सगळ्यात शेवटी, टेम्पो खाली उभा असताना पडतो. जुन्या वस्तूंच्या बाबतीत तर हे हटकून होतं, कारण "ही गेली तर पुन्हा मिळायची नाही" ही भीती विचार करायला उसंतच देत नाही.

मी एक ढोबळ नियम पाळतो. ज्यावर अंग टेकायचं ते शक्यतो नवं, निदान नव्याने बांधून घेतलेलं. ज्यात किंवा ज्यावर वस्तू ठेवायच्या ते शक्यतो जुनं. गादी, स्पंज, पट्टे, स्प्रिंगा या झिजणाऱ्या गोष्टी आहेत, त्यांचं वय लपत नाही. उलट नीट सांधलेलं भरीव लाकडाचं कपाट शंभर वर्षांनंतरही कपाटाचं काम तितक्याच चोखपणे करतं, आणि तेवढ्याच पैशांत नवं घ्यायला गेलात तर बहुधा भुशाच्या बोर्डाचं मिळतं. या नियमाला अपवाद आहेत, ते ओघात येतीलच.

आधी कशाला काय म्हणतात ते पाहू

व्यापारात आणि बऱ्याच देशांच्या सीमाशुल्क नियमांत १०० वर्षांहून जुन्या वस्तूला अँटिक म्हणतात. व्हिंटेजला अशी पक्की रेषा नाही. साधारण विसेक वर्षांपासून शंभर वर्षांपर्यंतचं काहीही त्यात घुसवलं जातं. रेट्रो म्हणजे जुन्या धाटणीचं, पण हल्लीच बनवलेलं. रिप्रॉडक्शन म्हणजे एखाद्या जुन्या नमुन्याची नक्कल. नक्कल असणं वाईट मुळीच नाही, फक्त तिचे पैसे नकलेइतकेच द्यावेत.

फसगत होते ती "शैली" या शब्दापाशी. "व्हिक्टोरियन शैलीचं टेबल" म्हटलं की त्यात टेबलाच्या आकाराबद्दल सांगितलं गेलं, वयाबद्दल काहीच नाही. नमुना जुना म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. मिखाएल थोनेट या फर्निचर कारागिराची वाफेवर वाकवलेल्या लाकडाची १४ नंबरची खुर्ची १८५९ साली आली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच तिचा संसार; सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. हा नमुना आजही बनतो आणि त्याच्या नकला तर जगभर झाल्या. म्हणजे तशी खुर्ची समोर आली तर ती दीडशे वर्षांची असेल किंवा गेल्या वर्षीची. म्हणून सरळ विचारावं: ही वस्तू केव्हा बनली, तिच्यातलं मूळ किती आणि नंतर बदललेलं किती? जे उत्तर मिळेल ते बिलावर लिहून मागावं. तोंडाने ठामपणे सांगणारा विक्रेता लिहून द्यायची वेळ आल्यावर "अंदाजे" म्हणू लागला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

टेप घेऊन घर मोजा

दार, जिन्याचं वळण, लिफ्टची खोली आणि तिचा कर्ण, हे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. मग ज्या जागी वस्तू येणार तिथे तिच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा जमिनीवर चिकटवून दोन दिवस त्याच्या अवतीभवती वावरा. यासारखी स्वस्त आणि खरी चाचणी दुसरी नाही. चालायच्या वाटेला ७५ ते ९० सेंटिमीटर लागतात, जेवणाच्या टेबलामागे खुर्ची ओढून उठायला ९० तरी. टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकाला ६० सेंटिमीटरची कड हवी. सोफा आणि त्याच्या पुढचं टेबल यांत ४० ते ४५ सेंटिमीटर ठेवले की हातही पोचतो आणि गुडघाही आपटत नाही.

जुनं नवं एकत्र करताना उंचीची तफावत सगळ्यात जास्त छळते. आजच्या खुर्चीची बैठक ४३ ते ४६ सेंटिमीटर उंच असते आणि जेवणाचं टेबल ७२ ते ७६. या दोहोंत २५ ते ३० सेंटिमीटरचं अंतर असेल तर बसणं सुखाचं होतं. जुनं टेबल एका घरातून आणि खुर्च्या दुसरीकडून घेतल्या की हे अंतर हमखास बिघडतं. जुन्या लिहायच्या टेबलाखाली ड्रॉवर असेल तर प्रत्यक्ष खुर्ची सरकवून बसून बघा, मांड्या अडकतात. कपड्यांच्या काही जुन्या कपाटांत खुंट्यांवर कपडे अडकवायची सोय असे, त्यामुळे ती उथळ असतात. हँगर आडवा मावायला आतून ५५ ते ६० सेंटिमीटर खोली लागते. जुन्या पलंगांना तर ठरलेलं मापच नसतं आणि आयती गादी त्यात बसत नाही.

कोणती वस्तू जुनी, कोणती नवी

ड्रॉवरचं कपाट, पुस्तकांचं कपाट, पेटी, ट्रंक, आरशाची चौकट, बाजूचं छोटं टेबल, मोठं जेवणाचं टेबल: हे सगळं बिनधास्त जुनं घ्यावं. त्यांचं काम काळाबरोबर बदललेलं नाही.

सोफ्याचं गणित वेगळं. पॉलियुरेथेन फोम फर्निचरमध्ये रुळला तो १९५० च्या दशकात. त्याआधी घोड्याचे केस, ताग, कापूस आणि स्प्रिंगा भरत. घोड्याचे केस धुऊन, पिंजून पुन्हा वापरता येतात. फोमचं तसं नसतं, पन्नास साठ वर्षांत त्याचा चुरा होतो आणि तो शिवणीतून गळायला लागतो. व्हिंटेज सोफा घ्यायचा म्हणजे प्रत्यक्षात त्याचा सांगाडा घ्यायचा. स्पंज, पट्टे, कापड, कारागिराची मजुरी धरली की रक्कम चांगल्या नव्या सोफ्याइतकी, कधी त्याहूनही वर जाते. सांगाडा भरीव लाकडाचा, घट्ट आणि आकाराने तुम्हाला वेड लावणारा असेल तरच या भानगडीत पडा.

खुर्च्या मधल्या गटातल्या. थोनेटसारख्या वाकवलेल्या लाकडाच्या किंवा वेताच्या बैठकीच्या खुर्च्या जुन्या घ्यायला हरकत नाही, कारण त्यांचे सांधे आणि विणकाम दोन्ही दुरुस्त होतं. फक्त सहाच्या सहा खुर्च्यांवर बसून बघा. संचातली एक तरी नेहमी आजारी असते, आणि विक्रेता तुम्हाला बसायला देतो ती ती नसते.

लहान बाळाचा पाळणा किंवा कठड्याचा पलंग मात्र जुना घेऊ नये, मग तो कितीही देखणा असो. जुन्या कठड्यांच्या पट्ट्यांमधलं अंतर बरेचदा ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त असतं आणि त्यात बाळाचं अंग किंवा डोकं अडकू शकतं. जुन्या रंगात शिसं असण्याचा धोका वेगळाच. घरगुती रंगातल्या शिशावर अमेरिकेतही बंदी आली ती १९७८ साली. एक बाजू खाली सरकणारे पाळणे तिथे २०११ पासून विकायलाच बंदी आहे. शोभेला ठेवायचा असेल तर गोष्ट निराळी.

स्वयंपाकघर आणि बाथरूममधली कपाटं, काँप्युटरचं टेबल, चपलांचा रॅक हे नवंच बरं. तिथे ओल, वायरी आणि आदळआपट असते, जुन्या लाकडाचे हाल कशाला करायचे?

जुनी वस्तू उलटी करून बघा

दर्शनी भाग विकण्यासाठी घासलेला असतो. खरी माहिती तळाशी, पाठीमागे आणि ड्रॉवरच्या आत मिळते. टॉर्च, टेप आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा जवळ असू द्या.

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उजेडात धरा. समोरची फळी आणि बाजूची फळी जिथे जुळतात तिथे कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दाते एकमेकांत अडकलेले दिसतील, हा डोव्हटेल सांधा. दाते लहानमोठे, थोडे तिरके आणि त्यांच्या मुळाशी बारीक आखलेली रेघ दिसली तर ते हाताने, करवत आणि पटाशीने काढलेले आहेत. सगळे एकसारखे, समान अंतरावर असतील तर यंत्राचे. अमेरिकन बनावटीत एक गमतीदार प्रकार आढळतो: अर्धवर्तुळं आणि त्यांच्या मधोमध गोल खुंटी. हे यंत्र १८७० च्या दशकात आलं आणि १९०० च्या सुमारास मागे पडलं, त्यामुळे असा सांधा दिसला की काळ बराचसा आपोआप ठरतो. दाते नसून नुसत्या स्टेपल पिना असतील तर वस्तू हल्लीची, किंवा हल्ली दुरुस्त केलेली.

आता ड्रॉवरचा तळ पाहा. करवतीच्या खुणा सरळ रेघांच्या असतील तर लाकूड उभ्या पात्याने कापलेलं. कमानीसारख्या वळणदार असतील तर गोल करवतीने, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पाव भागाच्या आधीचं असण्याची शक्यता जवळजवळ नाही. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला. १८८० चं म्हणून दाखवलेल्या कपाटात तो दिसला तर निदान तो स्क्रू नंतरचा, आणि मग तिथे काय बदललं हे विचारायला हवं.

झीज कुठे आहे तेही बघा. ड्रॉवर वर्षानुवर्षं ओढला की त्याच्या बाजूच्या फळ्यांची खालची कड झिजते आणि कपाटातली, ज्यावर तो सरकतो ती पट्टीही त्याच जागी झिजते. एक झिजलेली आणि दुसरी कोरी असेल तर दोन वेगवेगळ्या वस्तू जोडल्या असाव्यात. वरचं पुस्तकांचं कपाट एका घरचं आणि खालचे ड्रॉवर दुसऱ्या घरचे, अशी लग्नं व्यापारात सर्रास लावली जातात. वरच्या भागाची पाठ आणि खालच्याची पाठ शेजारी ठेवून रंग, फळ्यांची रुंदी आणि लाकूड ताडून पाहिलं की ती उघडी पडतात.

गोल टेबल असेल तर माझी आवडती चाचणी. लाकूड त्याच्या अंगच्या रेषांच्या दिशेने जवळपास आकसत नाही, रेषांना आडवं मात्र आकसतं. म्हणून भरीव लाकडाचं एक मीटरचं जुनं गोल टेबल रेषांना समांतर आणि रेषांना आडवं असं दोनदा मोजलं तर काही मिलिमीटरचा फरक निघतो, ते किंचित लंबगोल झालेलं असतं. अगदी अचूक गोल निघालं तर शंका घ्या. अर्थात वरचा फळा प्लायचा किंवा बोर्डाचा असेल तर ही चाचणी लागू नाही, आणि मुळात शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून दाखवलेल्या टेबलात भुशाचा बोर्ड असेल तर पुढे बोलायचंच कारण नाही. तो बोर्ड कारखान्यात बनू लागला १९४० च्या दशकात.

एकाच खुणेवरून निकाल देऊ नका. स्क्रू बदलतात, पाय तुटून नवे लागतात. तीन चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर विश्वास ठेवावा.

मग मजबुती. वस्तूचे दोन समोरासमोरचे कोपरे धरून तिरकस हलवा. सांधा ढिला असणं हा काही मोठा दोष नाही. जुन्या फर्निचरचे सांधे सरसाने चिकटवलेले असत. उष्णता आणि ओलावा दिला की सरस सुटतो, त्यामुळे सांधा मोडतोड न करता उकलून पुन्हा जोडता येतो. चिंतेची बाब म्हणजे पायाच्या खाचेत बसणारं कुसू तुटलेलं असणं, पायाला उभी चीर असणं, किंवा आधीच्या कुणी तिथे एपॉक्सी हा दगडासारखा कडक होणारा गोंद ओतून वर लोखंडी एल पट्टी आणि चार खिळे ठोकलेले असणं. अशी "दुरुस्ती" काढताना सुताराला मूळ लाकूडच कापावं लागतं. मला विचाराल तर ढिल्या सांध्याची वस्तू घ्या, एल पट्टीची सोडा.

किडीची भोकं साधारण दीड ते दोन मिलिमीटरची असतात. भोक काळपट आणि मळलेलं असेल तर जुनं. कड धारदार, आतून लाकूड ताजं फिकट आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर किडा अजून आत आहे. शंका असेल तर वस्तू घरातल्या बाकी लाकडापासून दूर, गडद कागदावर काही आठवडे ठेवा. भुसा पडला तर दिसतो. छोट्या वस्तू उणे २० अंशांवर एक दोन आठवडे गोठवून किंवा मोठ्या वस्तू जाणकाराकडून सुमारे ५५ अंशांपर्यंत तापवून किडा मारतात. वाळवी वेगळी: पृष्ठभाग धडधाकट दिसतो, पण बोटाच्या पेराने वाजवलं की पोकळ आवाज येतो. आणि कापड, गादी किंवा वेत असलेल्या प्रत्येक वस्तूच्या शिवणींत ढेकणांचे काळे ठिपके शोधा. ते दिसले की घासाघीस न करता निघा.

पॉलिशला हात लावण्याआधी

दिसणार नाही अशा जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा थेंब लावा. तिथे चिकट झालं तर लाखेचं स्पिरिट पॉलिश आहे, ते वरचेवर नवं करता येतं. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने सुटलं तर लॅकर, म्हणजे बहुधा १९२० च्या दशकानंतरचं काम. दोन्हीने ढिम्म हललं नाही तर बहुधा पॉलियुरेथेन, हे अलीकडचं.

अँटिकचं जुनं पॉलिश खरवडून "नव्यासारखं" करणं म्हणजे त्याची निम्मी किंमत कचऱ्यात घालणं. हाताच्या स्पर्शाने, मेणाने, वर्षांच्या धुळीने लाकडाला जो खोल रंग चढलेला असतो तो परत आणता येत नाही. आधी ओलसर फडका, मग थोडं मेण. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

व्हिनियरच्या, म्हणजे वर चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या वस्तूंना सँडिंग मशीन लावताना दहादा विचार करा. हाताने कापलेलं जुनं व्हिनियर एक दोन मिलिमीटर जाड असे, आजचं साधारण अर्धा पाऊण मिलिमीटर. मशीन एका जागी जरा थबकलं की खालचा बोर्ड दिसू लागतो. १९५०-६० च्या डॅनिश सागवानी साइडबोर्डना अनेक जण भरीव समजतात, पण त्यातले बरेचसे व्हिनियरचे आणि कडांना भरीव पट्टी लावलेले असतात. जुना रंग कोरडा घासू नका. शिसं आहे का ते तपासायचे किट मिळतात, आधी ते वापरा.

नवं घेताना

इथे सगळा भर बोर्ड कोणता यावर. भुशाचा पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड), प्लाय, भरीव लाकूड या चार गोष्टी वरून सारख्या दिसू शकतात. कप्प्याच्या खुंट्यांसाठी पाडलेल्या भोकात किंवा बिजागरीच्या खाचेत टॉर्च मारा, तिथे वरचं आवरण नसतं. भरीव लाकडात फळीच्या वरच्या रेषा टोकापाशी वळून कापलेल्या कडेवर उतरलेल्या दिसतात; कडेला वेगळीच पट्टी चिकटवलेली असेल तर भरीव नव्हे.

पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदाच नीट धरतो. दोन तीन वर्षांनी घर बदलणाऱ्यांनी असं कपाट घेतलं तर दुसऱ्या बांधणीतच बिजागऱ्या लोंबू लागतात. याच बोर्डाचा १८ मिलिमीटरचा कप्पा ८० सेंटिमीटरपेक्षा लांब असेल आणि पुस्तकांनी भरला तर तो मधोमध वाकणारच. बोर्डांच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा वायू बाहेर पडतो. ई१ या युरोपीय दर्जात त्याची मर्यादा घनमीटरमागे ०.१२४ मिलिग्रॅम आहे. लेबल मागा, आणि नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरत असतील तर काही दिवस दारं उघडी टाकून खोलीत हवा खेळती ठेवा.

सोफ्याच्या बैठकीच्या फोमची घनता विचारा: रोजच्या वापराला घनमीटरमागे ३० ते ४० किलो ठीक. "सॉफ्ट आहे" हे उत्तर नव्हे. शिसवी वस्तू परदेशातून आणायची असेल तर कागदपत्रं आधी बघा. ब्राझिलियन शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची कडक बंधनं आहेत.

तिन्ही एका खोलीत

एका खोलीत एकच मोठी जुनी वस्तू राजासारखी राहू द्या. दोन आल्या की एकमेकींशी भांडतात. लाकडाचे रंग जुळवायचा अट्टहास धरू नका; "जवळजवळ सारखे" दोन रंग शेजारी सगळ्यात वाईट दिसतात, स्पष्ट वेगळे असलेले बरे.

पैशांचं बोलणं

जुन्या वस्तूच्या भावात वाहतूक, सुतार, पॉलिश, कापड हे सगळं मिळवून मगच नव्याशी तुलना करा. शक्य असेल तर सुताराला फोटो दाखवून खरेदीआधीच अंदाज घ्या: सांध्यांचा, पाठीचा आणि तळाचा, दर्शनी नको. गुंतवणूक म्हणून फर्निचर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. गडद लाकडाच्या भारदस्त अँटिक कपाटांचे भाव पाश्चात्त्य बाजारात या शतकात चांगलेच घसरले. वापरायला घेणाऱ्याच्या ते पथ्यावरच पडतं.

घरी आल्यावर

जुनं लाकूड नव्या हवेत रुळायला काही आठवडे घेतं. एसीच्या झोतापासून, हीटरपासून आणि थेट उन्हापासून ते लांब ठेवा. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास राहिली तर फळ्या फाटत नाहीत. पहिल्या महिन्यात ड्रॉवर अडला तर लगेच रंधा मारू नका, सरकायच्या पट्टीवर मेणबत्ती घासून बघा.

उंच कपाट आणि ड्रॉवरचं कपाट जुनं असो वा नवं, भिंतीला बांधा. दोन तीन ड्रॉवर एकदम उघडले की ते पुढे कलंडतं, आणि घरात मूल असेल तर ते त्या ड्रॉवरची पायरी करणारच. अँटिकच्या पाठीला भोक पाडायचं जिवावर येत असेल तर मागच्या चौकटीला पट्टा गुंडाळून तो भिंतीतल्या कडीत अडकवा. जोडून उभारलेल्या नव्या फर्निचरचे बोल्ट महिन्याभराने एकदा आवळून घ्या. पहिल्या काही आठवड्यांतच ते सगळ्यात जास्त सैल होतात.